हरणाचे भय, प्रेक्षकाचे भय

व्हिडिओ गेमवरून काढलेला चित्रपट वाईटच निघतो, हे मत आता इतके रूढ झाले आहे की त्याचे कारण विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, मुळात खेळच पोरकट, त्यावरचा चित्रपट कुठून चांगला होणार? खेळणारी पोरे म्हणतात, दिग्दर्शकाने खेळ नीट खेळलेलाच नसतो. मला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत. निदान भयाच्या खेळांपुरते तरी दुखणे निराळ्याच जागी आहे. आणि ती जागा सापडायला मला, कुणाला नवल वाटेल, पण आमच्या साहित्यशास्त्राच्या पेपराचा उपयोग झाला.

भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक हा एक. अभिनवगुप्ताने रसप्रतीती म्हणजे काय हे समजावताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरीण घेतले आहे. दुष्यंताचा रथ पाठीशी लागलेला, आणि ते हरीण मान वळवून मागे पाहत जिवाच्या आकांताने धावते आहे. ते पाहताना आपल्याला भयाचा प्रत्यय येतो. पण तो ‘मी भ्यालो’ असा नसतो, आणि ‘तो भ्याला’ असाही नसतो. आपले-परके, येथले-तेथले या कुंपणांतून सुटलेले असे ते भय असते. साधारणीकरण म्हणतात ते हेच. म्हणूनच नाट्यगृहात बसून आपण भयाचा आस्वाद घेऊ शकतो. खुर्ची टाकून पळत सुटत नाही.

आता व्हिडिओ गेम काय करतो? तो आपल्याला प्रेक्षकाच्या आसनावरून उठवतो आणि हरणाच्या जागी उभे करतो. रथ आपल्या मागे आहे, आणि पळायचे की नाही, डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे आपल्याच अंगठ्याने ठरवायचे आहे. येथे ‘मी भ्यालो’ हेच खरे. साधारणीकरणाला जागाच उरत नाही. मग असा खेळ पडद्यावर आणणे म्हणजे गोष्ट इकडून तिकडे उचलून नेणे नव्हे. एका जातीचे भय दुसऱ्या जातीच्या भयात बदलणे आहे. बहुतेक चित्रपटकारांना हा बदल करायचा असतो याचीच जाणीव दिसत नाही.

या फरकाचा पुरावा वसतिगृहात कुणालाही मिळेल. एक जण खेळतो आणि चार जण त्याच्या खाटेवर दाटीवाटीने बसून पाहतात. पडदा तोच, आवाज तोच, राक्षसही तोच. पण घाम फुटतो तो फक्त खेळणाऱ्याच्या तळहाताला! पाहणारे चौघे ‘अरे, त्या दारात जा ना’ असे सल्ले देत शेंगा खात असतात. कंट्रोलर हातातून हातात गेला की घामही त्याच्याबरोबर जातो.

उदाहरणादाखल मी ‘सायलेंट हिल’ घेतो, कारण भयाच्या खेळांत त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. कोनामी या जपानी कंपनीने १९९९ साली तो प्लेस्टेशन यंत्रासाठी काढला. केइचिरो तोयामा हा त्याचा दिग्दर्शक. हॅरी मेसन नावाचा एक साधा माणूस आपल्या हरवलेल्या मुलीला, शेरिलला, एका ओसाड अमेरिकन गावात शोधतो आहे, एवढीच त्याची सुरुवात. गावभर धुके. चार पावलांपलीकडचे दिसत नाही. खिशात एक छोटा रेडिओ. काही भयंकर जवळ आले की तो खरखरू लागतो. म्हणजे संकट कळते, पण कुठल्या बाजूने येते ते कळत नाही. आणि दारे! रांगेने दारे. प्रत्येक दारापाशी जाऊन कडी हलवून पाहायची. बहुतेक दारांची कुलपे मोडलेली, ती उघडत नाहीत, आणि उघडत नाहीत याचे हायसे वाटते. जे उघडते त्याचीच भीती. बंद दाराला मनोमन धन्यवाद देण्याचा हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या कलाकृतीने दिलेला नाही. माझ्या आवडत्या धारपांनीही नाही.

यातली मौज अशी की धुके ही काही नुसती कवीची कल्पना नव्हती. त्या जुन्या यंत्राला दूरवरचे गाव एकदम रेखाटणे झेपत नव्हते. न झेपणारा भाग झाकण्यासाठी धुके आणि अंधार आला. कॅपकॉम कंपनीच्या १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्येही तेच. प्रत्येक दार सावकाश करकरत उघडते, कारण तेवढ्या वेळात यंत्राला पुढची खोली तबकडीवरून वाचून घ्यायची असते. शिवाय त्या खेळात सारेच मोजून-मापून: गोळ्या थोड्या, सामान ठेवायला जागा थोडी, आणि खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधून त्यावर रिबन खर्च करायची, रिबनीही मोजक्याच. म्हणजे भय राक्षसात नव्हते, ते दारिद्र्यात होते. संपत आलेल्या गोळ्या आणि शिल्लक राहिलेली एकच रिबन, हे त्या भयाचे खरे विभाव!

चित्रपटालाही असे दारिद्र्य अनोळखी नाही. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’मध्ये हाताशी पैसा थोडा, म्हणून श्वापदाऐवजी बरीचशी त्याची सावलीच दाखवली गेली. ‘जॉज’च्या वेळी, १९७५ साली, यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे, स्पीलबर्गला तो लपवावा लागला आणि चित्रपट तरला. मात्र खेळावरून चित्रपट करताना निर्माते नेमके उलट करतात. खेळातला राक्षस तेवढा आणतात, आणि त्या राक्षसाला भयंकर करणारी टंचाई मागे ठेवून येतात.

‘सायलेंट हिल’वरचा चित्रपट २००६ साली आला. क्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाने तो केला आणि रॉजर एव्हरीने लिहिला. गान्सची या खेळावरची भक्ती खोटी नव्हती. हक्क मिळावेत म्हणून त्याने आपले म्हणणे चित्रित करून कोनामीला पाठवले होते. आणि ती भक्ती पहिल्या अर्ध्या तासात दिसतेही. खेळातला बाप येथे आई झाला आहे. राधा मिचेल ही नटी (नाव आपल्याकडचे वाटले तरी बाई ऑस्ट्रेलियन) मुलीमागे त्या अरुंद गल्लीत शिरते, तेव्हा कॅमेरा खेळातल्यासारखाच तिरपा होतो, वर चढतो, पुन्हा खाली येतो. संगीतही बरेचसे खेळातलेच, अकिरा यामाओकाचे.

धुक्याच्या जोडीला येथे राख आली आहे, आणि ही जोड मला फार समर्पक वाटते. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया या गावाखालच्या कोळशाच्या खाणीला १९६२ साली लागलेली आग आजही विझलेली नाही. गाव जवळजवळ रिकामे झाले. एव्हरीने ती हकिकत पटकथेसाठी घेतली. यंत्राच्या अडचणीतून जन्मलेले धुके जसेच्या तसे पडद्यावर आणले असते तर तो नुसता देखावा झाला असता. आकाशातून संथ गळणारी राख मात्र चित्रपटाची स्वतःची आहे. तिला मागे एक कारण आहे, जमिनीखाली जळणारे एक दुःख आहे. माध्यमांतर म्हणतात ते हे.

पुढे मात्र चित्रपट धीर सोडतो. एक तर, बायकोला शोधणाऱ्या नवऱ्याचे उपकथानक मधून मधून येत राहते. शॉन बीन हा नट चांगला आहे, तक्रार त्याच्याविषयी नाही. पण तो आला की आपण धुक्यातून बाहेर येतो, मोटारी आणि पोलीसचौकीच्या जगात मोकळा श्वास घेतो आणि ताजेतवाने होऊन परत जातो. खेळ असा श्वास घेऊ देत नाही. दुसरे, शेवटाकडे गावात पूर्वी काय घडले ते एका निवेदनातून सविस्तर सांगून टाकले आहे. कोण कुणाची मुलगी, कुणी कुणाला जाळले, सगळा हिशेब चुकता! खेळात ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी हाती येते आणि शेवटीही काही तुकडे उणेच राहतात. त्या उण्या तुकड्यांत आपली रात्रीची झोप अडकते.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या खेळाविषयी सांगणे भाग आहे. ‘सायलेंट हिल २’ हा २००१ सालचा खेळ असल्यामुळे रहस्य फोडल्याचा दोष कुणी मला देऊ नये. जेम्स संडरलँडला त्याच्या मृत बायकोचे, मेरीचे, पत्र येते आणि तो या गावात येतो. गावात त्याच्या मागे एक आकृती लागते: डोक्यावर त्रिकोणी लोखंडी शिरस्त्राण, हातात फरफटत आणलेला अवजड सुरा. लोक तिला पिरॅमिड हेड म्हणतात; मासाहिरो इतो याने ती रेखाटली. बराच काळ आपण तिला राक्षस समजून पळत असतो. शेवटी उलगडते ते असे की आजारी मेरीला जेम्सनेच उशीने गुदमरवून मारले आहे, आणि ही आकृती म्हणजे शिक्षा मागणारे त्याचे स्वतःचे मन आहे. अपराध जेम्सचा नसता तर पिरॅमिड हेड जन्मालाच आला नसता.

आणि २००६ च्या चित्रपटात तो आहे! ज्या चित्रपटात जेम्स नाही, मेरी नाही, ती उशी नाही, त्यात पिरॅमिड हेड येतो, चर्चच्या पायऱ्यांवर एका बाईची कातडी सोलतो आणि निघून जातो. प्रसंग अंगावर येतो हे खरे. पण दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धी भाड्याने आणून दारात उभी करावी तसे हे झाले. प्रेक्षकांना तो आवडला, त्याच्या मूर्ती आणि मुखवटे खपले. अर्थ तेवढा गळून पडला.

इतरांची गत याहून बरी नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या बाबतीत तर दैवाने मोठा योग जुळवून आणला होता. चालत्या प्रेतांना आजचे रूप देणारा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) ज्याने केला, त्या जॉर्ज रोमेरोनेच पटकथा लिहिली होती. ती बाजूला ठेवून पॉल अँडरसनचा चित्रपट २००२ साली निघाला, आणि त्यात खेळात नसलेली ॲलिस नावाची नायिका हाणामाऱ्या करू लागली. नायिकेला गोळ्यांची चणचण नाही म्हटल्यावर भय कसले? ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या २०१४ च्या खेळात एक रखवालदार रात्रभर एका खोलीत बसून असतो. वीज मोजकी आहे, दार बंद ठेवले तरी ती खर्च होते. केवढी सुरेख योजना! २०२३ च्या चित्रपटातला रखवालदार खोलीतून उठला आणि कौटुंबिक दुःखाच्या मागे लागला. त्या चित्रपटाने सुमारे २ कोटी डॉलरच्या खर्चावर २९ कोटींहून अधिक डॉलर मिळवले, हे कुणी मला सुनावेल. मिळवले, नाकारतो कोण? तिकीटविक्रीवरून गर्दी मोजता येते. माझा प्रश्न भयाचा आहे.

येथे कुणी विचारील की मग खेळावर चित्रपट काढूच नये काय? मी इतका कर्मठ नाही. मात्र एक गाठ सुटत नाही ती मांडली पाहिजे. ‘सायलेंट हिल २’ला अनेक शेवट आहेत, आणि त्यांतला कोणता मिळणार हे खेळ आपल्याला न विचारता ठरवतो. आपण जखमी अवस्थेत तसेच भटकत राहिलो, एका दुःखी मुलीने दिलेला सुरा पुनःपुन्हा काढून पाहत राहिलो, तर खेळ ओळखतो की या माणसाला जगायचे नाही. आणि जेम्स पाण्यात जीव देतो. मेरीचा फोटो आणि पत्र वारंवार पाहिले तर शेवट वेगळा. मेरीसारख्या दिसणाऱ्या मारियाची फार काळजी वाहिली तर आणखी वेगळा. आपण खेळ पाहत असतो, तेवढ्यात खेळ आपल्याला पाहत असतो. २०२६ च्या जानेवारीत गान्सचाच ‘रिटर्न टू सायलेंट हिल’ याच खेळावर आला. त्याचे गुणदोष हा येथे माझा विषय नाही. कितीही थोर दिग्दर्शक असला तरी त्याला एकच शेवट निवडून सर्वांना सारखा वाटावा लागतो. जेम्सचा न्याय होतो, माझा होत नाही.

तरीही एक चित्रपट मला आशेला जागा ठेवतो: गेन्की कावामुराचा ‘एक्झिट ८’, २०२५ चा जपानी. मूळ खेळ २०२३ चा, अगदी चिमुकला. जमिनीखालचा पांढऱ्या फरशांचा एक रस्ता, भिंतीवर जाहिराती, समोरून चालत येणारा एक माणूस. काही विपरीत दिसले तर मागे फिरायचे, न दिसले तर पुढे जायचे. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. राक्षस जवळजवळ नाहीच. कावामुराने हा नियम तसाच ठेवला, आणि नियम ठेवल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. पाचसात मिनिटांत प्रेक्षकच जाहिराती तपासू लागतो, दाराची मूठ जागेवर आहे की नाही ते पाहू लागतो, नायकाच्या आधी आपल्याला काही दिसले की कासावीस होतो. हाती कंट्रोलर नाही, पण डोळ्यांना काम लागले आहे, आणि चुकण्याची जबाबदारी थोडीशी आपल्याकडे आली आहे. ते भय हरणाचे नव्हे, आणि निव्वळ प्रेक्षकाचेही नव्हे. अभिनवगुप्ताला त्याचे काय करावे हा प्रश्न पडला असता. नायक बाप होण्याच्या निर्णयापुढे घुटमळतो आहे, ही जी गोष्ट कावामुराने त्यात घातली आहे ती मला जरा उपदेशाकडे झुकलेली वाटली. त्या रस्त्यात तेवढी शिकवण नसती तरी चालले असते.