जे आले नाहीत, त्यांची यादी

स्मरणिकेत लिहिताना डॉक्टर मंडळी सहसा दोनच विषयांकडे वळतात. एक, आपल्या विद्यार्थिदशेच्या आठवणी आणि दोन, रुग्णांना आरोग्याचा उपदेश. या वेळी मी दोन्ही मोह आवरून एका रूक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहिणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात संगणक आहे, त्यात एक्सेलचा तक्ता आहे आणि त्या तक्त्यात रुग्णांच्या नोंदी आहेत. त्या नोंदींना आपण प्रश्न कसा विचारतो, हा माझा विषय. हा प्रश्न कारकुनी नसून वैद्यकीय आहे, असे माझे मत आहे. ते मत माझ्याच दवाखान्यातील एका चुकीतून बनले असल्यामुळे प्रथम ती चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी दोन वर्षांची एक मुलगी गोवर आणि न्यूमोनिया घेऊन माझ्याकडे आली. मूळचीच कृश, त्यात ताप आणि धाप. नवव्या महिन्यात तिला गोवर-रुबेलाची पहिली मात्रा मिळाली होती. नवव्या महिन्यात दिलेल्या एका मात्रेने साधारण ८५ टक्के बालकांनाच संरक्षण मिळते आणि म्हणूनच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा द्यावयाची असते, हे वैद्यकीय वाचकांना सांगावयास नको. दुसरी मात्रा का घेतली नाही, असे मी किंचित रागानेच आईला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, म्या आलते की लस द्यायला. तुमच्या पोरीनं कॉम्प्युटरात बघितलं अन् झालंय म्हणून सांगितलं."

तिचे म्हणणे खरे होते. आमच्या मदतनीस मुलीने संगणकात नाव घातले, संगणकाने तारीख दाखवली. ती तारीख त्याच नावाच्या दुसऱ्या मुलीची होती. जीवनसत्त्व 'अ', प्रतिजैविके आणि प्राणवायू यांच्या बळावर मुलगी बरी झाली, ही परमेश्वराची कृपा. परंतु तक्ता मी तयार केला होता. मदतनीस मुलीने मी शिकवले तेच केले होते. चूक माझी होती.

ती कशी घडली, हे समजून घेण्यासारखे आहे. तक्त्यातून माहिती शोधण्यासाठी 'व्हीलुकअप' नावाचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. त्याला नाव दिले की ते वरून खाली उतरत जाते आणि पहिले जुळणारे नाव सापडताच तिथेच थांबते. खाली त्याच नावाची आणखी चार बालके असली तरी त्यांची त्याला गंधवार्ता नसते आणि "असे पाचजण आहेत, आपणास कोण हवे?" असे ते उलट विचारीतही नाही. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. सूत्राच्या शेवटी 'तंतोतंत जुळणीच हवी' असे आपण स्पष्ट लिहिले नाही, तर ते 'जवळपास' जुळणारे उत्तर देऊन मोकळे होते. औषधाच्या मात्रेचा तक्ता अशा सूत्राला जोडलेला असेल तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्या निर्मलसारख्या सीमेवरच्या गावी हा धोका दुणावतो. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते, मराठी रीतीने आडनाव शेवटी. एकच मूल एका भेटीत एका क्रमाने तर दुसऱ्या भेटीत दुसऱ्या क्रमाने नोंदले जाते. लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' घालून, आणि संगणकाच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या मुली होतात. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी. किनवट, भोकर, धर्माबादकडची लेक निर्मल-भैंशाच्या सासरी आलेली असते. बाळाचा जन्म आणि पहिल्या लसी महाराष्ट्रात, पुढच्या तेलंगणात. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते नांदेडला जोडले गेले आणि २०१६ साली आपला निर्मलही आदिलाबादपासून वेगळा जिल्हा झाला. सीमा सरकल्या, सोयरिकी मात्र जिथल्या तिथेच राहिल्या. लसीचे कार्ड आजोळच्या फडताळात, भ्रमणध्वनी क्रमांक आजोबांचा आणि बाप कामानिमित्त आखाती देशात, अशी कुटुंबे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत.

यावरचा पहिला उपाय साधा आहे. शोध नावावर न ठेवता प्रत्येक बालकाला दिलेल्या नोंदणी क्रमांकावर ठेवावा. तो क्रमांक कार्डावर ठळक लिहून द्यावा. कार्ड हरवले असेल तर नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. (जुळ्यांच्या बाबतीत यांतल्या दोन तर नेहमीच सारख्या असतात, हे बालरोगतज्ज्ञ विसरत नाही.) आणि येथेच 'ॲरे फॉर्म्युला' या प्रकाराचे महत्त्व ध्यानी येते.

ॲरे म्हणजे रांग, समूह. साधे सूत्र एका घरातील मूल्य तपासते, ॲरे सूत्र संपूर्ण स्तंभाला एकाच दमात प्रश्न विचारते. प्रत्येक ओळीसाठी उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे येते. संगणकाच्या लेखी होय म्हणजे १ आणि नाही म्हणजे ०. आता दोन अटींच्या उत्तरांचा गुणाकार करा. दोन्ही होय असतील तरच १ येईल, एक जरी नाही असले तर शून्य. म्हणजेच गुणाकार हा 'आणि', तर बेरीज हा 'किंवा'. ही विचारपद्धती आपल्याला परकी नाही. संधिवाताच्या ज्वराचे निदान आपण १९४४ पासून चालत आलेल्या जोन्स निकषांवर करतो: दोन प्रमुख लक्षणे, किंवा एक प्रमुख आणि दोन गौण लक्षणे, आणि सोबत स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाचा पुरावा. ज्याला हे निकष पाठ आहेत, त्याला ॲरे सूत्र लिहिणे कठीण नाही. तो ते आयुष्यभर मनातल्या मनात लिहीतच आला आहे.

परंतु योग्य मूल शोधून काढणे, ही या सूत्राची निम्मीच उपयुक्तता झाली. उरलेली निम्मी मला अधिक मोलाची वाटते. आपली नोंदवही, मग ती कागदाची असो वा संगणकाची, जे आले त्यांची असते. जो दारात उभा आहे, त्याचे नाव आपण शोधतो. जो आलाच नाही, त्याचे नाव शोधण्याचे आपल्याला कारणच पडत नाही. आणि बालरोगशास्त्रात तर न आलेले मूलच धोक्यात असते.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नेमके हेच ओळखले. रुग्णालयात पोहोचलेल्या बालकांपुरते न पाहता त्यांनी गावोगावी, घरोघरी जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. नवजात बालकांच्या घरच्या घरी केलेल्या शुश्रूषेचा त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. त्या कार्याचा पाया न आलेल्यांच्या मोजणीत होता. आपल्याकडील आशा कार्यकर्तीसुद्धा लसीकरण सत्रापूर्वी 'ड्यू लिस्ट' तयार करते, म्हणजे कोण यायला हवे याची यादी. एम.डी. झालेले आम्ही मात्र संध्याकाळी कोण येऊन गेले एवढेच पाहतो आणि समाधानाने दिवे मालवतो.

ती यादी आता एका ओळीत होते. समजा, ए स्तंभात क्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये जन्मतारीख, डी मध्ये पहिल्या व ई मध्ये दुसऱ्या गोवर-रुबेला मात्रेची तारीख आणि एफ मध्ये दूरध्वनी आहे. बाजूच्या रिकाम्या जागेत असे सूत्र लिहावे:

=फिल्टर(ए२:एफ१५००, (सी२:सी१५००<>"")*(टुडे()-सी२:सी१५००>=४८७)*(ई२:ई१५००=""), "कोणी नाही")

(वाचकांनी हे अर्थातच इंग्रजी कळफलकावर लिहावयाचे आहे.) अर्थ असा: ज्यांची जन्मतारीख नोंदलेली आहे, आणि ज्यांना सोळा महिने म्हणजे ४८७ दिवस पूर्ण झाले आहेत, आणि ज्यांच्या दुसऱ्या मात्रेचे घर रिकामे आहे, अशा सर्वांच्या ओळी दाखव. पहिल्या जुळणीपाशी न थांबता सूत्र सर्वांना घेऊन येते आणि उद्या संगणक उघडला की उद्याच्या तारखेप्रमाणे यादी आपोआप बदलते.

'फिल्टर' आणि 'एक्सलुकअप' ही सूत्रे एक्सेल २०२१ व त्यापुढील आवृत्त्यांत मिळतात. गूगलच्या तक्त्यातही आहेत आणि विनामूल्य मिळणाऱ्या लिबर ऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून आली आहेत. जुन्या एक्सेलमध्ये 'इंडेक्स' आणि 'मॅच' यांची जोडी करून कंट्रोल, शिफ्ट व एंटर या तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. तेही जड वाटल्यास एका जादा स्तंभात अटींचा गुणाकार मांडावा आणि १ आलेल्या ओळी गाळून घ्याव्यात. साधन जुने असणे ही सबब होऊ शकत नाही.

सूत्रावर आंधळा विश्वास ठेवावा, असे मात्र मी म्हणणार नाही. काही सापळे अनुभवाने कळले. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन राहून गेली असेल, तर १३/०४ ही तारीख त्याला समजत नाही आणि सूत्र चुकीचा इशारा देते. परंतु ०३/०४ तो बिनतक्रार ४ मार्च म्हणून वाचतो. ओरडणारी चूक परवडली, गप्प बसणारी घातक! रिकाम्या दिसणाऱ्या घरात कोणी नुसती मोकळी जागा टंकलेली असेल, तर ते घर रिकामे समजले जात नाही आणि ते मूल यादीतून निसटते. आणि सूत्र १५०० व्या ओळीपर्यंतच लिहिले असेल, तर १५०१ वे मूल त्याला दिसतच नाही.

हा शेवटचा सापळा थोरामोठ्यांनाही चुकला नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरली जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. बाधितांना त्यांचा अहवाल मिळाला होता, परंतु त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. जनुकशास्त्रज्ञांचा अनुभव तर गमतीचा आहे. 'मार्च१', 'सेप्ट१' अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकी. अखेर २०२० साली नामकरण समितीने हार मानून जनुकांचीच नावे बदलली.

यावर आमचे व्यवसायबंधू दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळते आणि शासनाचे 'यू-विन' पोर्टलही आहे, मग डॉक्टरने हा उपद्व्याप का करावा? ती साधने जरूर वापरावीत. परंतु तयार सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याला सुचलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. फिट येणाऱ्या कोणत्या मुलाचे औषध महिनाभरापूर्वी संपले असून ते न्यायला कोणी आलेले नाही? गेल्या तीन भेटींत कोणत्या बाळाचे वजन वाढलेले नाही? हे प्रश्न तुमच्या-माझ्या दवाखान्याचे आहेत आणि ते आपल्यालाच सुचले पाहिजेत. दुसरा आक्षेप असा की, आपणहून दूरध्वनी केला तर लोक म्हणतील, डॉक्टरला गिऱ्हाइके हवीत. या आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करते. म्हणून आमच्याकडून फोन जातो तेव्हा सांगणे एवढेच असते: मात्रा राहिली आहे, जवळच्या शासकीय केंद्रात ती मोफत मिळते, तिथे द्या, आणि तारीख आम्हाला कळवा. असे सांगितल्यावर हेतूबद्दल शंका घेणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

एक बंधन मात्र पाळावे. ही माहिती मुलांची आहे. पालकांची संमती घ्यावी, तक्त्याला परवलीचा शब्द लावावा आणि यादी भ्रमणध्वनीवरच्या गटांत फिरू देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा नसता, तरी आपल्या व्यवसायाची शपथ हेच सांगते.

मंडळाच्या सभासदांना माझी एक सूचना आहे. वार्षिक सभेतील एक भाषण कमी करावे आणि त्या तासाभरात प्रत्येकाने आपापल्या तक्त्यावर एक सूत्र लिहावे. हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाचे, स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रसूतिपूर्व तपासणीचे, माझ्यासारखीने लसींचे. प्रश्न प्रत्येकाचा वेगळा असला तरी त्याचा गाभा एकच असेल: यायला हवे होते आणि आले नाही, असे कोण?

त्या घटनेनंतर मी पहिल्यांदा हे सूत्र चालवले, तेव्हा यादी दोन पाने भरली. त्यातली कित्येक नावे मला आठवतही नव्हती. दर सोमवारी सकाळी ती यादी आता माझ्या टेबलावर असते आणि बाहेर बसलेल्या पहिल्या मुलाला आत बोलावण्यापूर्वी मी ती वाचते. ज्या मुलीची हकीकत वर सांगितली, ती आता शाळेत जाते. तिच्या कार्डावर मी नोंदणी क्रमांक स्वतःच्या हाताने, लाल शाईने लिहिला आहे.