आझादीच्या दाराशी

मागे आमच्या वस्तीगटाच्या बैठकीत मी इराणमधल्या एका फुटबॉल स्टेडियमची गोष्ट सांगायला घेतली. दोन वाक्यं झाली असतील-नसतील, एक ताई मध्येच म्हणाल्या, "अगं, इथे नळाला पाणी नाही, रेशनच्या दुकानात धान्य नाही, आणि तू चेंडूचं काय घेऊन बसलीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रश्न खराच आहे. मारहाण, हुंडा, पोटगी, मजुरी हे सगळं बाजूला ठेवून खेळ पाहण्याच्या हक्कावर बोलायचं कशाला? या लेखात मी ताईंना उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. त्यासाठी आधी ती गोष्ट पुरती सांगायला हवी.

तेहरानमधलं हे स्टेडियम ऑक्टोबर १९७१ मध्ये सुरू झालं. अब्दुल अझीझ फरमानफरमायन या वास्तुशिल्पज्ञाने ते बांधलं. एक लाख माणसं बसतील एवढं मोठं. तेव्हा राज्य होतं शाहचं, म्हणून नाव दिलं 'आर्यमेहर', म्हणजे शाहचीच पदवी. १९७४ चे आशियाई खेळ इथेच झाले आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इराणने इस्रायलला १-० असं हरवलं. १९७६ मध्ये कुवेतला हरवून आशियाई करंडकही इराणने याच मैदानावर जिंकला. त्या काळात प्रेक्षकांत बायका असत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

१९७९ मध्ये क्रांती झाली. शाह गेला, त्याची पदवीही गेली आणि स्टेडियमचं नाव झालं 'आझादी'. क्रांतीत बायका रस्त्यावर होत्या, हे आपण विसरता कामा नये. आणि हेही विसरता कामा नये, की ८ मार्च १९७९ ला, क्रांतीला महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा, हिजाबच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या होत्या. त्यांना धोका कळला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्टेडियमची दारं बायकांना बंद झाली. गंमत म्हणजे, बाईने सामना पाहू नये असा लिखित कायदा कुठेच नव्हता. दाराशी पोलीस उभे राहिले, एवढंच. आपल्याकडेही बायकांवरच्या बहुतेक बंद्या अशाच असतात. कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

नावाची थट्टा इथे संपत नाही. तेहरानमध्ये दोन मोठे संघ आहेत. एक लाल पोशाखातला पर्सेपोलिस. दुसरा निळा. त्याचं नाव आधी 'ताज' होतं, क्रांतीनंतर ते 'एस्तेघलाल' झालं. या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. म्हणजे स्वातंत्र्य नावाचा संघ स्वातंत्र्य नावाच्या मैदानावर खेळत असे, आणि त्या शहरातल्या निम्म्या माणसांना दाराबाहेर ठेवलं जात असे.

बायका गप्प बसल्या का? नाही बसल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाशी बरोबरी करून इराण विश्वचषकासाठी पात्र ठरला. संघ परत आला, आझादीत स्वागत ठरलं. बायकांनी घरी बसून दूरदर्शनवर पाहावं, असं सांगण्यात आलं. तरी हजारो बायका दाराशी जमल्या आणि त्यातल्या कित्येकी कडं मोडून आत शिरल्या. २००१ मध्ये आयर्लंडचा संघ आला तेव्हा त्याच्याबरोबरच्या आयरिश बायकांना आत सोडलं. इराणी बायकांना नाही. परदेशी बाईला चालतं ते घरच्या बाईला का चालत नाही? कारण बंदी खेळामुळे नव्हतीच. घरची बाई कुणाच्या ताब्यात आहे, हे दाखवण्यासाठी ती होती.

जून २००५ मध्ये बहरीनविरुद्धच्या सामन्याला पांढरे रुमाल बांधून आलेल्या बायकांनी दाराशी ठाण मांडलं आणि त्यांच्यातल्या काहीजणींना उत्तरार्धात का होईना, आत जाता आलं. त्याच सामन्याच्या वेळी जाफर पनाही यांनी 'ऑफसाइड' हा चित्रपट चित्रित केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला दारावरून परत पाठवलं होतं, त्यातून ही कल्पना सुचली. मुलांचे कपडे घालून स्टेडियममध्ये शिरू पाहणाऱ्या मुलींची ही गोष्ट. बर्लिनच्या महोत्सवात २००६ मध्ये चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. इराणमध्ये तो दाखवू दिला नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना प्रवेश देण्याचं जाहीर केलं, धर्मगुरूंनी हरकत घेतली आणि महिन्याभरातच शब्द मागे घेतला गेला.

आता या बंदीची कारणं काय सांगत असत ते पाहा. स्टेडियममध्ये पुरुष शिव्या देतात, गर्दीत धक्काबुक्की होते, वातावरण बायकांना शोभणारं नाही, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी त्यांनी घरी राहावं. मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? रात्रपाळी नको, कारण रस्ते सुरक्षित नाहीत. कॉलेज लांब नको, कारण एसटीत टवाळ मुलं असतात. शिव्या द्यायच्या पुरुषांनी आणि घरी बसायचं बाईने! ज्याचं वागणं वाईट त्याला मोकळीक आणि जिला त्रास होतो तिला कोंडणं, याला आपल्याकडे आणि तिकडेही 'संरक्षण' म्हणतात.

१२ मार्च २०१९ ला एस्तेघलालचा सामना पाहायला एक तरुणी निळा केसांचा टोप आणि लांब कोट घालून, पुरुषी वेशात आझादीवर गेली. तिचं नाव सहर खोदायारी. दारातच तिला पकडलं. खटला भरला. २ सप्टेंबरला तेहरानच्या क्रांतिकारी न्यायालयात गेली असता आपल्याला सहा महिन्यांची कैद होऊ शकते असं तिच्या कानावर आलं. न्यायालयाबाहेर तिने स्वतःला पेटवून घेतलं. ९ सप्टेंबरला ती गेली. तिच्या संघाच्या रंगावरून जग तिला 'निळी मुलगी' म्हणू लागलं.

जळालेल्या बाईची बातमी आपल्याला नवी नाही. अशा बातम्या वाचत, जळीत वॉर्डात जाऊन बसत आपल्यातल्या अनेकजणी चळवळीत आल्या. म्हणून मला दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. एक, तिच्या मरणाला वीरमरण करून त्याची आरती ओवाळू नये. ती जगायला हवी होती, सामना पाहून घरी जायला हवी होती. दुसरं, तिला मानसिक आजार होता असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. मग आजारी मुलीला आधार द्यायचा, की सामना पाहिला म्हणून कोठडी दाखवायची? तिने सामना तर पाहिलाही नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात चक्रं फिरली. जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, दडपण आणलं. ही संघटना इतकी वर्षं काय करत होती? तिच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये याच मैदानात बसून सामना पाहिला होता, तेव्हा निवडक बायकांना आत बसवून सगळं आलबेल असल्याचं चित्र उभं केलं होतं. अखेर १० ऑक्टोबर २०१९ ला कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला बायकांना तिकीट काढून आत जाता आलं. सुमारे ७८ हजार आसनांच्या स्टेडियममध्ये साडेतीन-चार हजार बायका, त्याही जाळीने वेगळ्या केलेल्या भागात. इराणने १४ गोल केले. बायका ओरडल्या, रडल्या, झेंडे फडकवले. चाळीस वर्षांनी.

तरी दार एकदा उघडलं म्हणजे उघडंच राहतं असं नाही. मार्च २०२२ मध्ये मशहद शहरात लेबनॉनविरुद्धच्या सामन्याला हातात तिकीट असलेल्या बायकांना बाहेर ठेवलं आणि त्यांच्यावर मिरीचा फवारा मारला. ऑगस्ट २०२२ मध्ये आझादीत पहिल्यांदाच लीगच्या सामन्याला काही शे बायका बसल्या. पुढच्याच महिन्यात महसा अमिनीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि 'स्त्री, जीवन, आझादी' ही घोषणा इराणभर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये लाल-निळ्या संघांच्या लढतीलाही बायका हजर होत्या. जे मिळालं ते थोडं, तुकड्यातुकड्याने, आणि कधीही काढून घेता येईल असं.

इथे एक इशारा द्यायला हवा. इराणची ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे काहींना फार आनंद होतो. "बघा, त्यांचा धर्मच तसा," म्हणायला ते मोकळे. त्यांना आपण हा आनंद मिळू देता कामा नये. १९३६ मध्ये याच इराणमध्ये शाहच्या बापाने पोलिसांकरवी बायकांच्या डोक्यावरचे पदर ओढून काढले होते. ओढणारा एक, घालायला लावणारा दुसरा, डोकं मात्र बाईचंच. जून २०११ मध्ये इराणच्या मुलींचा संघ जॉर्डनमध्ये ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळायला उभा राहिला, तर डोक्यावर रुमाल आहे म्हणून फिफाच्या नियमाने त्यांना खेळू दिलं नाही. घरी रुमालाशिवाय बाहेर पडायचं नाही आणि बाहेर रुमालासह खेळायचं नाही. त्या मुलींनी जावं कुठे?

आणि फुटबॉलची मायभूमी इंग्लंड? पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या प्रेस्टनच्या कामगार मुलींचा संघ पाहायला २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली. हा खेळ बायकांना मानवत नाही म्हणे! ती बंदी पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ बंदी होती, पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. ३१ जुलै २०२२ ला लंडनच्या वेम्बलीवर बायकांचा युरोपीय अंतिम सामना पाहायला ८७ हजारांवर माणसं आली, तेव्हा ज्या पिढ्या मधल्या काळात वाया गेल्या त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

आपल्याकडे काय? सरकारी बंदी नाही, हे खरं. पण त्या बैठकीत ज्या ताईंनी मला टोकलं, त्याच थोड्या वेळाने सांगू लागल्या, "आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असायचा. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. आम्ही पोरी माळवदावर पालथ्या पडून बघायचो. आवाज केला की आजी खाली ओढायची." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. एकीने शाळेत खो-खो गाजवला होता, पाळी सुरू झाली आणि खेळ बंद झाला. एकीला तर आयुष्यात कधी, काही काम नसताना, मैदानावर नुसतं बसल्याचं आठवेना. पाण्याचा विषय मागे पडला आणि दीड तास आम्ही खेळावर बोललो.

जानेवारी २०२२ मध्ये इराणच्या मुली आपल्या दारी आल्या होत्या. बायकांचा आशियाई करंडक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. इराणच्या मुली या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरल्या होत्या आणि नवी मुंबईत त्यांनी भारताशी ०-० बरोबरी केली. नंतर चीन आणि तैवानकडून मोठ्या फरकाने हरल्या. ज्यांच्या देशात बायकांना सामना पाहायला झगडावं लागतं, त्या मुली इथवर येऊन खेळून गेल्या. आपल्यापैकी किती गटांनी याची दखल घेतली? मीही घेतली नाही. हे मी कबूल करते.

तर ताईंना माझं उत्तर असं आहे. पाण्याचा प्रश्न मोठाच आहे, पण पाणी भरायला जाणारी बाई रस्त्यावर 'कामासाठी' असते, म्हणून तिला कुणी हटकत नाही. काम नसताना, केवळ आनंदासाठी ती घराबाहेर थांबली की प्रश्न सुरू होतात. बाईने कष्टासाठी बाहेर पडावं, मजेसाठी पडू नये, हा नियम जिथे शाबूत आहे तिथे तिची मजुरीही कमी राहते आणि संध्याकाळी घरी उशीर झाला की मारही बसतो. हे प्रश्न वेगवेगळे नाहीत. एकाच दोऱ्याची ही टोकं आहेत.

'आझादी' हा शब्द आपल्या चळवळीचाही आहे. पाकिस्तानातल्या स्त्री-कार्यकर्त्यांकडून ऐकून कमला भसीन यांनी ती घोषणा आपल्याकडे आणली आणि आपण ती शिबिराशिबिरात दिली. मुंबईतल्या आपल्या मोर्च्यांचं मैदानही 'आझाद'च आहे. तिथे आपण धरणी धरली, निवेदनं वाचली, उन्हात भाकऱ्या खाल्ल्या. पण शेजारी चाललेल्या डझनावारी क्रिकेटच्या सामन्यांत मुली किती असतात, हे कधी थांबून मोजलं का?

आमच्या गटाने ठरवलं आहे, की येत्या ८ मार्चला मोर्चा संपला की वस्तीतल्या मैदानावर तासभर खेळायचं. चेंडू विकत आणला आहे. मैदान रोज मुलांनी भरलेलं असतं, तेव्हा कुरबुर होणार. होऊ दे. ताई म्हणाल्या आहेत, "मी खेळणार नाही, पण बघायला येईन. आणि या खेपेला माळवदावरून नाही बघणार."

तुमच्या गावात, वस्तीत कुठल्या मैदानाचं, कुठल्या फडाचं दार बायकांना न लिहिता बंद आहे? शोधा आणि आम्हाला लिहा.