फ्रेंच भूतकाळ: इंग्रजीला मध्ये आणू नका

घरात कुणी फ्रेंच शिकत असेल, तर हे वाचा. मुलगी अकरावीत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेऊन बसली असेल. मुलगा क्वीबेकला जायची तयारी करत असेल. किंवा निवृत्तीनंतर तुम्ही स्वतःच क्लास लावला असेल. पहिले काही महिने बरे जातात. मग भूतकाळ येतो, आणि तोही एकटा येत नाही. दोन येतात.

दोन्ही रोजच्या बोलण्यातले. एक ‘पासे कोंपोझे’. काय घडलं, ते हा सांगतो. दुसरा ‘अँपार्फे’. काय चाललं होतं, कसं होतं, काय व्हायचं, ते हा सांगतो. बहुतेकांचं अडतं ते या दुसऱ्यापाशी.

माझं पहिलं सांगणं एवढंच, की इंग्रजीला मध्ये आणू नका. पुस्तक इंग्रजीतून, शिकवणं इंग्रजीतून, म्हणून आपणही वाक्य आधी इंग्रजीत करतो. घोटाळा तिथेच होतो. इंग्रजीतलं ‘वेन्ट’ एकदाच गेलो की रोज जायचो, हे सांगत नाही. मराठी सांगते. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांत चार वर्षांचं पोरही गल्लत करत नाही.

तेव्हा वाक्य मनाशी मराठीत म्हणा. क्रियापद कसं संपतं ते बघा. ‘जायचो’, ‘खायचो’, ‘भांडायचो’ आलं? अँपार्फे. ‘पाऊस पडत होता’? अँपार्फे. ‘घर मोठं होतं’, ‘आजोबा कडक होते’? तेही अँपार्फे. जुन्या पुस्तकांतलं ‘आजी पहाटे उठे, सडा घाली’ आठवतं ना? शाळेत त्याला रीतिभूतकाळ म्हणायचे. तोही इथेच येतो. आणि ‘गेलो’, ‘खाल्लं’, ‘पडला’ आलं, की पासे कोंपोझे.

अवघड वाटणाऱ्या जागीही मराठी साथ देते. ‘मला माहीत होतं’ म्हणायचं असेल, तर ‘ज सावे’. ‘मला कळलं’ म्हणायचं असेल, तर ‘जे स्यु’. क्रियापद एकच, काळ वेगळे. इंग्रजीतून येणारे इथे डोकं धरून बसतात. तुम्हाला तसं बसायचं कारण नाही.

पण आपल्या भाषेचीही एक खोड आहे. तिच्यापासून सावध राहा.

‘काल मी दादरला गेलो होतो.’ असं आपण सर्रास म्हणतो. जाऊन आलो, काम झालं, विषय संपला. पण ‘होतो’ दिसला म्हणून तुम्ही इथे अँपार्फे टाकलात, तर फ्रेंच माणसाला ऐकू येतं, ‘काल मी दादरला निघालो होतो…’ तो पुढचं ऐकायला थांबतो. वाटेत काय झालं? गाडी चुकली का? इथे पासे कोंपोझेच हवा.

म्हणून ‘होतो’च्या आधी काय आहे, ते तपासा. ‘जात होतो’, ‘करत होतो’ असेल तर अँपार्फे. ‘गेलो होतो’, ‘केलं होतं’ असेल तर थांबा, विचार करा. बहुतेक वेळा तो अँपार्फे नसतो. ‘बसलो होतो’, ‘झोपलो होतो’ यांना मात्र सूट आहे. तिथे आपण स्थिती सांगत असतो, आणि स्थिती अँपार्फेचीच.

दुसरी खोड मुदतीची. ‘मी दोन वर्षं पुद्दुचेरीत होतो.’ इथेही ‘होतो’ आहे. पण मुदत ठरली, संपली. फ्रेंच इथे पासे कोंपोझे लावते. ‘तेव्हा मी दोन वर्षांपासून तिथे राहत होतो’ म्हणालात, तर अँपार्फे. एका ‘पासून’ने काळ बदलतो.

आता अँपार्फेचं रूप करायचं कसं? हे सोपं आहे, घाबरू नका.

वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्या. बोलणं या क्रियापदाचं ‘नू पार्लों’ होतं. शेवटचा ‘ओं’ काढा. उरलं ‘पार्ल’. त्याला शेपट्या लावा. ज पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, वू पार्लिये, आणि ‘ते’साठी पुन्हा इल पार्ले. विलेपार्ल्याच्या मंडळींना हे घरबसल्या जमेल.

वर्तमानात वेडीवाकडी वागणारी क्रियापदं इथे सरळ होतात. पिणे: नू ब्युवों, म्हणून ज ब्युवे. घेणे: नू प्रनों, म्हणून ज प्रने. संपवणे: नू फिनिसों, म्हणून ज फिनिसे. करणे: नू फझों, म्हणून ज फझे. नियम मोडणारं एकच, ‘असणे’. त्याचं ‘जेते, इलेते’ होतं. ते तेवढं पाठ करा. म्हणून पोरांना म्हणावं, वर्तमानातलं ‘नू’चं रूप आधी पक्कं करा. ते कच्चं असेल, तर इथे सगळंच कोसळतं.

लिहिताना दोन बारकावे सांभाळा. खाण्याच्या ‘ज मांजे’त ‘जी’नंतरचा ‘ई’ ठेवा, नाहीतर उच्चार ‘मांगे’ होईल. ‘नू मांजियों’त तो ‘ई’ लागत नाही. सुरू करण्याच्या ‘ज कोमांसे’त ‘सी’खाली शेपटी द्या. ‘नू कोमांसियों’त तीही नको.

कानाचं मात्र वेगळं आहे. मी, तू, तो आणि ते, चौघांचा उच्चार एकच. लिहिताना शेवट तीन तऱ्हेचे: मी आणि तूला ‘ए-आय-एस’, तोला ‘ए-आय-टी’, तेला ‘ए-आय-ई-एन-टी’. ऐकून लिहायच्या परीक्षेत मुलांचे मार्क इथेच जातात. कर्ता कोण, ते आधी बघायला सांगा.

आणखी एक. ‘जे पार्ले’ म्हणजे मी बोललो. ‘ज पार्ले’ म्हणजे मी बोलायचो. शेवटच्या ‘ए’तही थोडा फरक आहे. अँपार्फेचा ‘ए’ तोंड जास्त उघडून म्हणतात. पण घाईत तो कुणाच्या लक्षात येत नाही. कानाला मुख्य खूण सुरुवातीचीच, आपल्या लिपीत एका मात्रेची. नवशिके घाईघाईत ‘ज’ला ‘जे’ करून टाकतात आणि मग समोरचा गोंधळतो. आरशासमोर दोन्ही सावकाश म्हणा. घरचे हसले तर हसू देत.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. समजा, तुम्ही मुलाकडे पॅरिसला गेलात आणि मेट्रोत पाकीट मारलं गेलं. पोलिसांत तक्रार द्यायची आहे. गर्दी होती. मी दाराजवळ उभी होते. पिशवी खांद्यावर होती. पाकिटात दोनशे युरो होते. हे सगळं अँपार्फे. एकाने धक्का दिला. दार उघडलं. तो उतरला. हे पासे कोंपोझे. ‘तो उतरला’ अँपार्फेमध्ये सांगितलंत, तर पोलिसाला कळतं, ‘तो उतरत होता’. उतरला की नाही? तो पुन्हा विचारणार, तुम्ही पुन्हा गडबडणार. ठाण्यात जाण्याआधी कागदावर दोन रकाने करा. कसं होतं ते एकीकडे, काय झालं ते दुसरीकडे.

डॉक्टरकडेही तसंच. ‘उलटी झाली’ आणि ‘उलट्या होत होत्या’ यांत औषधाचा फरक पडू शकतो. ताप होता, अंग दुखत होतं, हे अँपार्फेमध्ये सांगा. एकदाच झालं ते पासे कोंपोझेत.

अँपार्फे नम्रपणाच्याही कामाचा आहे. ‘ज वूले वू दमांदे’ म्हणजे ‘तुम्हाला जरा विचारायचं होतं’. आत्ताच विचारायचं असतं, पण ‘होतं’ म्हटलं की टोचत नाही. आपणही तेच करतो. दुकानात वस्तू मागताना मात्र ‘ज वूद्रे’ म्हणा. त्यातला ‘र’ विसरू नका. ते रूप दुसरं आहे, शेपट्या तेवढ्या सारख्या आहेत.

‘सी’ लावून बेतही सुचवता येतो. ‘सी ओनाले ओ सिनेमा?’ म्हणजे ‘सिनेमाला जायचं का?’

सरावासाठी मामाच्या गावची सुट्टी घ्या. कोकणातली असो, देशावरची असो. आधी पाच वाक्यं फक्त अँपार्फेमध्ये लिहा. ‘तू ले जूर’, म्हणजे रोज, काय करायचात? घर कसं होतं? विहिरीवर कोण असायचं? मग ‘अँ जूर’, म्हणजे एके दिवशी, असं लिहा आणि काळ बदला. साप निघाला, फांदी तुटली, काय घडलं ते लिहा. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ए-टू पातळीला लेखनाचा एक प्रश्न असाच असतो. आपला अनुभव लिहायचा, निदान ६० शब्द. नुसत्या घटना लिहून भागत नाही, कसं वाटलं तेही लिहावं लागतं. मुलं हवा, माणसं, घर विसरून थेट ‘गेलो, आलो, जेवलो’ लिहितात. घरी वाचताना एवढंच विचारा, ‘तेव्हा ऊन होतं की पाऊस?’

वाचायची हौस असेल, तर अल्बेर काम्यूची १९४२ सालची ‘लेत्रांजे’ घ्या. कादंबरी असूनही तिचं निवेदन पासे कोंपोझेत आहे, त्यामुळे आपले दोन्ही काळ शेजारी शेजारी भेटतात. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या परीकथा मात्र थोड्या थांबून वाचा. तिथे घडलेल्या गोष्टींना तिसराच काळ लागतो. तो आज बोलण्यात नाही. नुसता ओळखता आला तरी पुरे.