भारतात जाताना ती बाटली नेऊ नका

डिसेंबरात तुम्ही भारतात निघाल. बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि आईबाबांसाठी 'लीकी गट'वरची झिंक कार्नोसिनची बाटली असेल. ती बाहेर काढा, एवढं सांगायला हे लिहितेय. रागावलात तरी चालेल.

हे औषध म्हणजे निव्वळ भोंदूपणा, असं माझं म्हणणं नाही. जपानमध्ये १९९४ पासून ते पोलाप्रेझिंक या नावाने डॉक्टर लिहून देतात, पण जठराच्या अल्सरसाठी. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि सप्लिमेंट विकण्याआधी त्याचा गुण येतो हे सरकारला सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही. त्यामुळे इथे तेच झिंक सप्लिमेंट म्हणून 'आतड्याच्या भिंती'साठी खुशाल विकलं जातं. आधार म्हणून दाखवतात तो 'गट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००७चा अभ्यास. अभ्यास चांगलाच आहे. पण त्यात माणसं होती दहा, तीही धडधाकट. पाच दिवस इंडोमेथासिन ही वेदनाशामक गोळी दिल्यावर त्यांच्या आतड्याची गळती वाढली; सोबत झिंक कार्नोसिन दिलं तेव्हा वाढली नाही. बस्स. तुमच्या बाबांचं वर्षानुवर्षं दुखणारं पोट त्यात कुठे आलं?

माझ्या बाबांचं सांगते. सांगलीला दोन बाटल्या मीच नेल्या होत्या. त्यांना शौचातून रक्त पडत होतं. 'मूळव्याध असेल' म्हणत ते सात महिने त्या गोळ्या घेत राहिले, कारण लेकीने अमेरिकेतून आणल्या होत्या. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. गोळीने अपाय केला नाही म्हणा हवं तर. सात महिने गेले ते गेलेच.

आणि अपाय होतच नाही असंही नाही. अशा दोन गोळ्यांतून दिवसाला साधारण ३२ मिलिग्रॅम झिंक जातं, वर मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळं. प्रौढांसाठी इथली कमाल मर्यादा ४० आहे. महिनोन् महिने झिंक जास्त झालं की शरीरात तांबं कमी पडतं. मग ॲनिमिया होतो, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो आणि घरचे म्हणतात, वय झालं.

आतड्याच्या दुखण्यात झिंकचा भक्कम पुरावा आहे तो जुलाब झालेल्या लहान मुलांसाठी. त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास दिल्लीतल्या मुलांवरचा, १९९५चा. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सांगितलं: ओआरएससोबत रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. ती गोळी भारतात आशाताई घरी आणून फुकट देतात. तिची जाहिरात आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी पाहिलीत?

या रविवारच्या फोनवर हवापाण्याच्या गप्पा झाल्या की बाबांना विचारा: शौचातून रक्त पडतं का? वजन उतरलंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? संकोच वाटेल, मलाही वाटला होता. एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर बाटलीचे चाळीस डॉलर तिथल्या पोटाच्या डॉक्टरांच्या फीसाठी पाठवा, आणि डिसेंबरपर्यंत थांबू नका.