शिरस्त्राण आणि सौम्योक्ती

अमेरिकेत फुटबॉलची हेल्मेट बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या हेल्मेटवर एक सूचना चिकटवली होती. तिचा आशय असा: कोणतेही हेल्मेट मेंदूच्या वा मानेच्या गंभीर इजेपासून, पक्षाघातापासून किंवा मृत्यूपासून तुमचे रक्षण करू शकत नाही, हे धोके टाळायचे असतील तर फुटबॉल खेळू नका. हेल्मेटला आपण शिरस्त्राण म्हणतो आणि त्राण म्हणजे रक्षण. ज्या वस्तूच्या नावातच रक्षणाचे आश्वासन आहे, तिच्याच अंगावर हे वाक्य!

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. कोणतीही संहिता समोर आली की तिचा गृहीत वाचक कोण, हा प्रश्न सवयीने मनात येतो. या संहितेचा गृहीत वाचक खेळाडू असेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हेल्मेट एकदा डोक्यावर चढवले की ते घालणाऱ्याला ही सूचना वाचता येत नाही. मैदानावर उतरू पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला 'खेळू नकोस' असे त्याच्याच हेल्मेटने सांगावे, यात सल्ल्यापेक्षा हात झटकण्याचा भाग अधिक आहे. आमच्या मते या सूचनेचा खरा वाचक न्यायालयात बसलेला आहे. उद्या खटला उभा राहिलाच, तर 'आम्ही सांगितले होते' असे म्हणता यावे, यासाठी ती लिहिली गेली आहे. तरीही तिच्यातले विधान खरे आहे, आणि या खेळाने ते मान्य करायला फार वर्षे घेतली.

हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू बहुतांशी हातात असतो आणि तो नेणाऱ्याला अंगाच्या धडकेने पाडणे हा खेळाचा गाभाच आहे. मैदानावर इतके बळी जात होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली; माणसांचा एकच गठ्ठा एकमेकांवर कोसळण्याचे प्रसंग कमी व्हावेत, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे त्या वेळी उपाय शोधला गेला तो नियमांत. पुढे मात्र आशेचे केंद्र हळूहळू साधनाकडे सरकले. चामड्याच्या टोप्या आल्या, १९३९ मध्ये रिडेल कंपनीचे प्लास्टिकचे हेल्मेट आले आणि १९४३ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, हेल्मेट सक्तीचे केले.

यानंतर जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. कठीण कवच आणि पुढे चेहऱ्यापुढची जाळी मिळाल्यावर डोके सुरक्षित झाले, असे सर्वांनी धरून चालले; आणि जे सुरक्षित आहे ते पुढे करून लढायला हरकत कसली? खेळाडू डोके खाली घालून प्रतिस्पर्ध्यावर आदळू लागले. या प्रकाराला इंग्रजीत 'स्पिअरिंग', म्हणजे भाला खुपसणे, असेच नाव पडले. कवचाचे शस्त्र झाले. १९६८ या एका वर्षात सर्व स्तरांवर मिळून ३६ खेळाडू खेळताना झालेल्या आघातांनी दगावले. १९६९ मध्ये क्रीडासाधनांचे मानक ठरवणारी नॉक्सी ही संस्था स्थापन झाली, १९७३ मध्ये हेल्मेटचे मानक आले आणि १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळात स्पिअरिंगवर बंदी आली. १९९० या वर्षी अशा थेट आघाताने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. हे यश मोठे आहे आणि त्यात हेल्मेटचा वाटा निश्चित आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. मात्र हे यश साधनाचे आणि नियमाचे मिळून आहे, हेही विसरता कामा नये.

अडचण अशी की हे यश कवटीचे आहे, मेंदूचे नव्हे. सुकलेला गोटा नारळ कानाशी धरून हलवला की आतले खोबरे करवंटीवर आपटल्याचा आवाज येतो. करवंटीला बाहेरून कितीही जाड काथ्या गुंडाळला तरी ती फुटणार नाही एवढेच. आतले खोबरे आपटायचे ते आपटणारच. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो आणि तो खोबऱ्यासारखा कठीण नसून अतिशय मऊ असतो. डोक्याला हिसका बसला, विशेषतः डोके गर्रकन वळले, की आतले मज्जातंतू ताणले जातात. हेल्मेटचे अस्तर आघात काहीसा सौम्य करते, पण हा हिसका ते पुरता थांबवू शकत नाही. दुचाकीचे हेल्मेट एका मोठ्या अपघातासाठी असते. एकदा आपटले की ते बदलायचे. फुटबॉलच्या हेल्मेटला मात्र एका हंगामात शेकडो धडका सोसायच्या असतात, आणि त्यांपैकी बहुतेक इतक्या किरकोळ वाटतात की त्यांची कुणी दखलही घेत नाही. मेंदूची हानी मात्र वर्षानुवर्षे साठत गेलेल्या अशा धडकांशी जोडलेली आहे, असे अलीकडचे संशोधन दाखवते.

दखल न घेण्यासाठी भाषेचे साहाय्य लागते, आणि येथे हा विषय आमच्या प्रांतात येतो. असा आघात झाला की मैदानावर 'डिंग' बसला असे म्हणत. कुणाची 'घंटा वाजली' असे म्हणत. मराठीतही डोक्याला मार लागला की 'डोळ्यांपुढे काजवे चमकतात'. सौम्योक्ती आपल्यालाही परकी नाही. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असे म्हणण्याची आपली रीत आहे. पण त्या बोलण्यामागे अशुभाची भीती असते, समोरच्याच्या दुःखाविषयी हळवेपणा असतो. 'डिंग'मागे असते ती घाई: खेळाडूने पुढच्या डावाला उभे राहावे याची. १९९४ मध्ये एनएफएलने या इजांच्या अभ्यासासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या नावातच 'माइल्ड', म्हणजे सौम्य, हे विशेषण होते. तपास सुरू होण्याआधीच निष्कर्ष नावात येऊन बसला होता. समितीचे अध्यक्षपद मेंदूच्या नव्हे, तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे होते. डॉन डिलिलो यांच्या 'एंड झोन' (१९७२) या कादंबरीत फुटबॉल खेळणाऱ्या नायकाला अणुयुद्धाच्या परिभाषेची भूल पडलेली आहे. संहाराविषयी थंडपणे बोलू देणारी परिभाषा किती मोहक असते, हे त्या कादंबरीने समिती नेमली जाण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

या भाषेला तडा गेला तो एका शवविच्छेदनाच्या टेबलावर. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून चार सुपर बोल जिंकलेले माइक वेब्स्टर निवृत्तीनंतर स्मृती, पैसा आणि घर गमावून बसले. २००२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय ५० होते. नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांना त्यांचा मेंदू वरून निरोगी दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाऊ या प्रथिनाचे विकृत साठे आढळले. मुष्टियोद्ध्यांमधील अशा ऱ्हासाविषयी हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच लिहिले होते. ओमालू यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. पुढे २०११ मध्ये डेव्ह ड्युअरसन या माजी खेळाडूने आयुष्य संपवले आणि आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, अशी चिठ्ठी मागे ठेवली. निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या मंडळावर त्यांनीच काम केले होते. हेल्मेटवरची सूचना आणि ही चिठ्ठी या दोन संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात. एक जबाबदारी झटकते, दुसरी मृत्यूनंतरही ती उचलू पाहते.

यावर आक्षेप घेता येतील आणि ते पोकळ नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार सापडला. पण ते मेंदू मुख्यतः ज्यांना त्रास जाणवला होता अशांच्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे त्या आकड्यावरून सर्व खेळाडूंचे प्रमाण काढता येत नाही. शिवाय या खेळावर माणसे मनापासून प्रेम करतात, आणि अनेक गरीब मुलांना महाविद्यालयाचे दार याच खेळाने उघडून दिले आहे. 'खेळू नका' हे म्हणूनच उत्तर होऊ शकत नाही. सूचनेतही नाही आणि आमच्या लेखातही नाही.

उत्तर अन्यत्र आहे आणि ते आजमावून झाले आहे. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना पाडणे बंद केले. संघ दुबळा होईल अशी भीती होती; २०१५ मध्ये तो आयव्ही लीगचा संयुक्त विजेता ठरला. २०१६ मध्ये आयव्ही लीगने हंगामातील सरावापुरता हाच नियम सर्व संघांना लावला, आणि डावाच्या आरंभीची किक ३५ ऐवजी ४० यार्डांच्या रेषेवरून घेण्याचे ठरवले. त्यामुळे चेंडू अधिक वेळा मैदानाच्या टोकापार जाऊ लागला आणि दोन्ही बाजूंनी वेगाने धावत येऊन आदळण्याचे प्रसंग घटले. दर हजार किकमागे मेंदूला धक्का बसण्याचे प्रमाण सुमारे ११ वरून २ वर आले. त्यासाठी हेल्मेट नव्हे, एक रेषा पाच यार्ड सरकवावी लागली.

हेल्मेट सुधारू नयेत असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. २०११ पासून व्हर्जिनिया टेक विद्यापीठ हेल्मेटना तारांकने देते. २०२२ पासून एनएफएलने काही स्थानांवरील खेळाडूंना सरावात हेल्मेटवर मऊ आवरण घालणे बंधनकारक केले. हे सारे स्वागतार्ह आहे. आक्षेप आहे तो साधनावर सर्व भार टाकून आघात तसाच चालू ठेवण्यावर. आघाताची संख्या कमी करणे हा पहिला उपाय, आणि हेल्मेट त्यानंतरचा. हा क्रम उलटा झाला की शिरस्त्राणाचीही सौम्योक्ती होते.

आम्ही वर्गात सौम्योक्ती शिकवताना अलंकारांच्या यादीतले एक नाव म्हणून ती सांगून मोकळे होतो, ही आमचीही चूकच. यापुढे तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे: हा शब्द सौम्य केला कुणी, आणि त्यामुळे कुणाचे दुखणे दिसेनासे झाले?