टर्बो मेला, पण कशानं?

अण्णांचा टेम्पो माळशेज घाटात अॅम्ब्युलन्ससारखा वाजायला लागला, तेव्हा मी थर्ड इयरची परीक्षा देऊन घरी आलो होतो. नारायणगावहून कल्याणला टोमॅटो नेणारी २००९ सालची गाडी. जोराची शिट्टी, मागे काळा धूर आणि चढाला दम नाही. मिस्त्रीने होज काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. नव्या टर्बोची किंमत ऐकून अण्णा गप्पच बसले. मग मी, घरातला एकमेव मेकॅनिकलवाला, पुढे सरसावलो. "अण्णा, रिकंडिशन टाकू. निम्म्यात काम होतंय, वर सहा महिन्यांची गॅरंटी." अण्णांनी ऐकलं.

तो टर्बो सात आठवडे चालला. आठव्या आठवड्यात निळा धूर, ऑइल गायब, गाडी घाटात उभी आणि भरलेला माल तिथेच मऊ पडलेला. त्या दिवशीचं नुकसान अण्णांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी तडक रिकंडिशनवाल्याकडे भांडायला गेलो. त्याने शांतपणे टर्बो उघडून शाफ्ट माझ्या हातात दिला. बुश बसतो तिथे निळा-काळा पडला होता. म्हणाला, "ऑइल मिळालं नाही. गॅरंटीत बसत नाही." मी वाट्टेल ते बोलून आलो. आज वाटतं, निम्मं तरी तो खरं बोलत होता.

मित्रांनो, टर्बोचं गणित आपण सगळ्यांनी घोकलंय. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. बहुतेक टर्बोत बॉल बेअरिंग नसतं, शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो आणि तेच ऑइल त्याला थंडही ठेवतं. गरम इंजिन एकदम बंद केलं की आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. आमचे अण्णा वर्षानुवर्षं काय करत आले? घाट चढून वर आले की चहाच्या टपरीवर गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवायची. डिझेल वाचतं ना! मिनिट-दोन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवायला हवं, हे मला पेपरात लिहिता आलं असतं, अण्णांना सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

शेवटी गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टर्बोला ऑइल देणारा पाइप सोडवला आणि त्यात तार घातली. तार अर्ध्यातच अडली. "इंजिनिअर, पहिला टर्बो कशानं मेला, हे बघितलं होतं का कुणी?" कुणीच नव्हतं बघितलं. त्याने क्रँककेसचा ब्रीदरही काढून दाखवला, तोही चिकट्याने बुजलेला. आतला दाब वाढला की टर्बोतलं ऑइल खाली परत जात नाही, सीलवरून बाहेर येतं, आणि आपण म्हणतो सील खराब! इंटरकूलरमधून त्याने वाटीभर ऑइल काढलं. ते तसंच राहिलं असतं तर इंजिनाने तेच जाळलं असतं आणि चावी बंद करूनही ते थांबलं नसतं.

"रिकंडिशन म्हणजे फसवणूक" असं आमच्या हॉस्टेलवर सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. नवे बुश, नव्या रिंगा, शाफ्टचं माप आणि मशीनवर नीट बॅलन्सिंग, एवढं केलेला टर्बो जुन्या गाडीला उत्तम चालतो. माझी तक्रार वेगळी आहे. पहिला का गेला, हे न विचारता दुसरा विकणारा दुकानदार, न बघता बसवणारा मिस्त्री आणि स्वस्तात पडतंय म्हणून खूष होणारा मी, तिघांनी मिळून अण्णांचे पैसे घालवले. दुकानदाराने नवा ऑइल पाइप लावल्याशिवाय माल देणार नाही असं म्हटलं असतं, तर तेव्हा मला तो लुटारू वाटला असता, हेही खरं.

आणि आपलं कॉलेज? "टर्बोचार्जरची सुबक आकृती काढून वर्णन करा", मार्क आठ. मला सात मिळाले होते. आकृतीत ऑइल इनलेटचा बाणसुद्धा स्केचपेनने काढला होता. लॅबमधलं कट सेक्शन मॉडेल दरवर्षी नव्या रंगात चकाचक, पण बिघडलेला एकही पार्ट तिथे नाही. एखादा मोडलेला पार्ट हातात देऊन "हा कशानं गेला ते सांग" असं व्हायव्हाला कुणी का विचारत नाही?

तिसरा टर्बोही रिकंडिशनच आहे. नवीन पाइप, साफ ब्रीदर, ताजं ऑइल आणि फिल्टर, आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी इनलेटमधून ओतलेलं ऑइल. अण्णा आता चहा सांगून येतात आणि मग गाडी बंद करतात. तो जळका शाफ्ट मी कॉलेजात आणलाय. सरांनी परवानगी दिली, तर लॅबमध्ये त्या रंगीत मॉडेलशेजारी ठेवायचा विचार आहे.