यादीत ऐंशी, बाकावर सतरा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात यंदा कुणी दहावी झालं असेल, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीला गणित शिकवतो. गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझे जुने विद्यार्थी तिथंच शिकतात आणि त्यांचे प्रॅक्टिकलचे मार्क तिथल्याच लोकांच्या हातात आहेत. समजून घ्या.

यंदा अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाला. मुंबईत तो २००९ पासून आहे, पुढं पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती ही शहरं त्यात आली. आता आमचीही खेडी आली. निकाल १३ मेला लागला, ९४.१० टक्के. साडेचौदा लाख मुलं पास. मग १९ आणि २० मेला 'सराव' म्हणून साइट उघडली. पोरांनी हौसेनं माहिती भरली, ती पुसली गेली. २१ मेला खरी नोंदणी सुरू व्हायची होती, तर साइटच उघडेना. शेवटी २६ मेपासून गाडी हलली. पण साइट बंद पडल्यावर मी पोस्ट लिहीत बसत नाही. साइट बंद पडते, चालू होते. त्याचे विनोद करून झाले आपले.

मला राग आहे तो साइट व्यवस्थित चालल्यावर जे झालं त्याचा.

माझ्या वर्गातली एक मुलगी. ७८.४० टक्के. आई-वडील दोघं दुसऱ्याच्या शेतात जातात. तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय. लहानपणी आजीच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहिली होती, तिथल्या सिस्टर बघून डोक्यात बसलेलं खूळ. चांगलं खूळ आहे. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र लागतं, म्हणजे अकरावी सायन्स. आमच्या गावापासून सायन्सचं सगळ्यात जवळचं कॉलेज नऊ किलोमीटरवर. सकाळी मानव विकासची बस आहे, संध्याकाळी साडेपाचला परत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. सगळं जुळलेलं होतं.

शंभर रुपये भरून फॉर्म भरला. भाग एक, भाग दोन. तालुक्याच्या कॅफेवाल्याने वर पन्नास घेतले. दहापर्यंत पसंती देता येतात. मी तिला चारच द्यायला लावल्या, कारण आमच्याकडून जाण्यासारखी कॉलेजं चारच आहेत आणि चौथंही खरं तर जाण्यासारखं नाही. पहिल्या नंबरला अर्थातच नऊ किलोमीटरवालं.

जूनच्या शेवटी पहिली यादी आली. नऊ किलोमीटरवाल्या कॉलेजची तिच्या प्रवर्गाची यादी ८३ वर थांबली होती. तिला मिळालं चौथं. चौतीस किलोमीटर, तालुक्याला बस बदलून. तिच्या आईनं मला विचारलं, "सर, तिथून पोरगी घरी किती वाजता यील?" मी हिशोब केला. साडेसात. पावसाळ्यात आठ. आई काही बोलली नाही. वडील म्हणाले, "मंग राहू द्या."

पहिली पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही तर तुम्ही पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होता. हिला चौथी मिळाली होती, म्हणून थांबता येत होतं. थांबलो. दुसरी फेरी, यादी एक टक्का खाली. तिसरी फेरी, अजून थोडी खाली. ७८ पर्यंत काही येईना. जुलै सगळा असाच गेला. घरात बसलेली सोळा वर्षांची मुलगी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे 'पाहुणे' येऊन गेले. मी आणि आमच्या अंगणवाडीच्या ताई जाऊन बसलो, वडिलांशी बोललो, तेवढ्यापुरतं थांबलं. त्या बदल्यात तडजोड झाली. गावापासून तीन किलोमीटरवर आर्ट्सचं कॉलेज आहे, तिथं घाला. घातलं.

आता तुम्ही म्हणाल, सर, मेरिट आहे. ८३ वाल्याला जागा मिळाली, ७८ वालीला नाही मिळाली, यात अन्याय कसला? मीही तेच म्हणत होतो. माझ्या मनात एकच शंका होती. आमच्या भागात ८३, ८८, ९२ टक्क्यांची एवढी मुलं आली कुठून? तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे निकाल मला तोंडपाठ आहेत. ही नावं आमच्यातली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची टीसी आणायच्या निमित्तानं, मी त्या कॉलेजात गेलो. अकरावी सायन्सचा वर्ग सुरू होता. फिजिक्सचा तास. मी व्हरांड्यात उभं राहून मोजलं. सतरा.

ऐंशीची तुकडी आहे. सगळ्या जागा भरलेल्या. खुल्या फेरीत या कॉलेजपुढं 'रिक्त जागा: शून्य' असं दिसत होतं, ते मी स्वतः बघितलंय. आणि बाकांवर सतरा.

शिपायाला विचारलं, बाकीचे कुठं? तो हसला. "सर, ते काय इथं येणारेत का? कोणी संभाजीनगरला हाय, कोणी लातूरला, दोघं तर कोट्याला. परीक्षेला येतेत."

म्हणजे माझ्या पोरीला ज्या त्रेसष्ट जणांनी हरवलं, ते या कॉलेजात कधी पाऊलच ठेवणार नाहीत. ते कुठल्यातरी क्लासच्या होस्टेलात नीट-जेईईची तयारी करतायत. त्यांना कॉलेज नकोय, बारावीच्या फॉर्मवर लिहायला कॉलेजचं नाव हवंय. आणि असं नाव, जिथं कुणी हजेरी विचारणार नाही. शहरातलं बरं कॉलेज हजेरी विचारण्याची भीती असते. मग क्लासवाला सांगतो, अमुक कॉलेज टाका, आपलं बोलणं झालंय.

या मुलांवर माझा राग नाही. सोळा वर्षांची पोरं आहेत. त्यांच्या आईबापांनी कर्ज काढून फी भरलीय. राग आहे तो या सगळ्याला 'पारदर्शक' म्हणणाऱ्यांवर.

हे टायअप नवीन नाही. जुनंच आहे. पण पूर्वी आमच्याकडचं कॉलेज आधी आसपासच्या गावांतली पोरं घ्यायचं, उरलेल्या जागा क्लासवाल्यांना द्यायचं. चोरी होती, पण चोराला गावाची थोडी लाज होती. सरपंच ओळखीचा, पालक रोज बाजारात भेटणारा. आता प्रवेश पोर्टल देतं. गुण, प्रवर्ग, पसंतीक्रम, एवढंच त्याला दिसतं. क्लासनं पाठवलेला ९१ टक्केवाला पहिली पसंती म्हणून आमचं खेडं टाकतो, आणि यंत्र त्याला अदबीनं जागा देतं. जी गोष्ट दोन नंबरची होती तिच्यावर सरकारी शिक्का बसला. संस्थाचालक आता छातीठोकपणे सांगतो, "आमच्या हातात काय आहे? ऑनलाइन आहे सगळं."

गैरसमज नको. ऑनलाइन प्रवेश बंद करा असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणारे आमच्या भागात बरेच आहेत आणि त्यातले निम्मे संस्थाचालक आहेत, त्यांचं दुखणं वेगळं आहे. मी १९९८ साली अकरावीला गेलो, तेव्हा माझ्या बापानं 'इमारत निधी' म्हणून तीन हजार मोजले होते. त्याची पावती आजतागायत मिळालेली नाही. ती इमारतही मला कुठं दिसली नाही. तो काळ परत नकोय. मुंबई-पुण्यात हव्या त्या कॉलेजात जागा कमी आणि मागणारे जास्त, तिथं रांगा, वशिले, डोनेशन हा रोग होता. त्या रोगावर हे औषध बरं होतं.

पण आख्ख्या राज्याचा हिशोब बघा. साडेचौदा लाख मुलं पास आणि अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर. जागा कमी नाहीतच! आमच्याकडं कमी आहे ती बस. कमी आहेत खरोखर चालणारे वर्ग. ज्या जागेवर शिक्षक शिकवतो आणि जिथून पोरगी अंधार पडायच्या आत घरी येते, ती जागा कमी आहे. आणि नेमकी तीच जागा आपण न येणाऱ्याच्या नावावर चढवली.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशात 'होम युनिव्हर्सिटी' नावाची गोष्ट असते. त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी बऱ्याच कॉलेजांत जागांचा मोठा वाटा ठेवलेला असतो. अठरा वर्षांच्या, होस्टेलला राहू शकणाऱ्या मुलाला घराजवळचा हक्क आहे. सोळा वर्षांच्या, होस्टेलचा खर्च न परवडणाऱ्या मुलीला नाही. का? मेरिट बिघडतं म्हणून? याच अकरावीत इनहाउस कोटा दहा टक्के आहे, मॅनेजमेंटचा पाच टक्के आहे. संस्थेच्या स्वतःच्या शाळेतल्या पोराला कोटा चालतो, मॅनेजमेंटच्या मर्जीतल्या पोराला चालतो. फक्त शेजारच्या गावातल्या पोरीचं नाव काढलं की सगळ्यांना मेरिट आठवतं.

आणि हजेरीचं काय? बोर्डाचा ७५ टक्क्यांचा नियम आहे. २०१८ साली सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, हेच टायअप मोडायला. आमचा तेव्हाचा औरंगाबाद विभागही त्यात होता. सात वर्षं झाली. मी गेलो तेव्हा त्या कॉलेजच्या ऑफिसात भिंतीवर ते यंत्र होतं. त्याच्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

शिक्षणमंत्री दादा भुसे यांना माझं एवढंच सांगणं आहे. पोरांची जात, गुण, आधार, पत्ता सगळं तुमच्या पोर्टलवर आहे. त्याच पोर्टलवर दर महिन्याची हजेरी टाका, कॉलेजवार, सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्या महिन्यात जो एकदाही आला नाही त्याची जागा मोकळी करा आणि तालुक्यातल्या प्रतीक्षेतल्या मुलाला द्या. आणि महानगरपालिकांच्या बाहेर, जिथं पंधरा-वीस किलोमीटरांत सायन्सचं एकच कॉलेज आहे, तिथं त्या परिघातल्या मुलांचा काही वाटा ठरवून टाका. फार मोठं संशोधन लागत नाही त्याला. अंतर मोजायला मोबाइल पुरतो.

हे लिहिल्यावर मला नोटीस येईल असं दोन सहकाऱ्यांनी सांगितलंय. येऊ दे. मीही यात दोषी आहेच. मे महिन्यात मीच वर्गात उभं राहून सांगितलं होतं, "पोरांनो, आता वशिला नाही, मार्क पाडा, जागा तुमची." तिनं मार्क पाडले. मागच्या आठवड्यात ती बायोलॉजीचं पुस्तक परत द्यायला आली, मी जूनमध्ये दिलेलं. पुठ्ठ्याचं कव्हर घातलं होतं, वर स्टिकर चिकटवून नाव, आणि खाली 'अकरावी विज्ञान'. मी म्हटलं राहू दे तुझ्याकडं. म्हणाली, "नको सर, दुसऱ्या कुणाला तरी होईल."

परवा मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलंय एवढंच: या कॉलेजच्या अकरावी विज्ञान शाखेच्या सगळ्या प्रवेशित विद्यार्थ्यांची ऑगस्ट महिन्याची दिवसवार हजेरी आणि बायोमेट्रिक यंत्राची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्याही तालुक्यात असं कॉलेज असेल तर हाच अर्ज टाका, मजकूर पहिल्या कमेंटमध्ये देतोय. माझं उत्तर आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.